तळ्यातला मासा मोजायचा कसा? अंदाज १२९६ किलो, निघाला ६६८ किलो

तळपाणी | ३ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात खारेगावला राहते. पडघ्याच्या आत सासऱ्यांची जमीन आहे, तिथे २० गुंठ्यांचं मातीचं तळं आहे. गेल्या जुलैत त्यात रोहू, कटला आणि मृगळ मिळून २००० बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडली. सोडताना सरासरी १५ ग्रॅमची होती. गेल्या आठवड्यात पंप लावून तळं पूर्ण उपसलं. तेव्हापासून झोप नीट लागत नाही म्हणून हा धागा काढतेय.

दर महिन्याला मी वजनं घेत होते. पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकायचा, दहा-पंधरा मासे काढायचे, वजन करून पुन्हा पाण्यात सोडायचे. वहीत सगळं लिहिलेलं आहे. एप्रिलच्या शेवटच्या मापाला सरासरी ७२० ग्रॅम आली. प्रशिक्षणात सांगितलं होतं की जगण्याचं प्रमाण ९० टक्के धरा. म्हणजे १८०० मासे, गुणिले ७२० ग्रॅम, १२९६ किलो. व्यापाऱ्याला मी "बाराशेच्या वर निघेल" असं सांगून ठेवलं होतं. त्याने त्या हिशोबाने बर्फ आणि टेम्पो आणला.

निघाले १२१४ मासे. एकूण ६६८ किलो. टेम्पो अर्धा रिकामा गेला.

खाद्य वर्षभरात १६५० किलो गेलं, किलोला ४२ रुपये, म्हणजे ६९,३०० रुपये. मासा किलोला १२० रुपयांनी गेला. पुढचा हिशोब तुम्हीच करा.

चोरी झाली असेल असं घरचे म्हणतात. मला तसं वाटत नाही, राखणदार आमच्याच पाड्यावरचा आहे आणि त्याची बायको रोज खाद्य टाकते. मला वाटतंय माझं मोजणंच कुठेतरी चुकलंय. जुलैत पुन्हा बी (पिल्लं) सोडायचंय. त्याआधी समजून घ्यायचंय की तळ्यात प्रत्यक्षात किती किलो मासा आहे हे उपसा न करता कसं कळतं.

---

मत्स्यशाळा | ४ जून, सकाळी ७:१५

ताई, तुमच्या वहीत दोन चुका एकमेकींत गुंतल्या आहेत. आधी त्या सोडवून घेऊ.

तळ्यातलं एकूण वजन म्हणजे माशांची संख्या गुणिले सरासरी वजन. तुम्ही दोन्ही बाजूंनी जास्त धरलंत. तुमची सरासरी ७२० ग्रॅम बरोबर होती असं क्षणभर मानू. तरी १२१४ माशांचे ८७४ किलो व्हायला हवे होते. म्हणजे १२९६ वरून ८७४ पर्यंतची ४२२ किलोंची तूट निव्वळ संख्येची. उरलेली २०६ किलोंची तूट सरासरीची, कारण खरी सरासरी ५५० ग्रॅम निघाली.

दोन तृतीयांश चूक संख्येची आहे. तुम्ही वर्षभर मन लावून मोजलंत ते वजन, आणि संख्या मात्र मोजलीच नाहीत, ९० टक्के गृहीत धरलीत. तुमच्यासारखं जवळजवळ सगळेच करतात. वजन मोजायला काटा असतो, पाण्याखालची संख्या मोजायला काहीच नसतं, म्हणून हातात आलेला आकडा आपण वापरतो.

आता खाद्याकडे बघा. तुमच्या अंदाजाने वाढ १२६६ किलो, म्हणजे १६५० भागिले १२६६, एफसीआर (एक किलो वाढीला लागलेलं खाद्य) १.३. असा आकडा आला की माणूस खूश होतो आणि खाद्य तसंच चालू ठेवतो. प्रत्यक्षात वाढ ६३८ किलो, एफसीआर २.६. एक किलो मासा वाढवायला जवळजवळ १०९ रुपयांचं खाद्य गेलं. रोजचं खाद्य आपण एकूण वजनाच्या २-३ टक्के टाकतो, तेव्हा वजन दुप्पट धरलं की अर्धं खाद्य चिखलात जातं. ते नुसतं वाया जात नाही, तळाशी कुजून प्राणवायू खातं. एप्रिल-मेमध्ये पहाटे मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घेताना दिसत होते का?

---

तळपाणी | ४ जून, दुपारी १:०५

हो. मार्चपासून. मी पाणी कमी झालंय म्हणून असेल असं समजत होते.

---

खाडीकाका | ४ जून, रात्री ९:३०

ताई, मी दिवाळे गावचा. आमच्या चार पिढ्या खाडीवर. माझ्या हातात पाग वयाच्या दहाव्या वर्षी आला. तुम्हाला एक विचारतो. पाग कुठून टाकायचात?

---

तळपाणी | ४ जून, रात्री ९:५२

घाटाच्या पायरीवरून काका. तिथेच खाद्य टाकतो, मासे तिथेच जमतात.

---

खाडीकाका | ४ जून, रात्री १०:२०

मग सापडलं. खाद्याच्या जागेवर आधी कोण येतो? जो दांडगा असतो तो. बारीक मासा मागे राहतो, त्याला तिथे शिरायलाच मिळत नाही. तुम्ही दर महिन्याला तळ्यातले पैलवान मोजत होतात.

दुसरं. पाग पाण्यात पडतो तेव्हा त्याच्या कडेच्या शिशाच्या मण्या तळाला टेकतात आणि मग दोरी ओढली की त्या जवळ येतात. मातीचा तळ खालीवर असेल तर मण्यांच्या खाली फट राहते. मृगळ तळाचा मासा, तो डोकं चिखलात घालून त्या फटीतून निघून जातो. पाग वर येतो तेव्हा त्यात कटला आणि रोहू. तुमच्या वहीत मृगळ किती आले ते बघा. आणि तळं उपसल्यावर किती निघाले तेही.

आमच्या खाडीत पागाने किती मावरं (मासळी) आलं यावरून खाडीत किती आहे असं कोणी सांगत नाही. पाग फक्त सांगतो की त्या जागी, त्या वेळी, त्या पाण्याला काय होतं. भरतीला एक, ओहोटीला दुसरं.

---

तळपाणी | ५ जून, सकाळी ८:१०

काका, वही काढून बघितली. दहा महिन्यांत पागात आलेले मासे १३१. त्यांत मृगळ फक्त ११. सोडताना मृगळ ६०० होते.

---

मास्तर_नौपाडा | ५ जून, रात्री ८:४५

मी गणित शिकवायचो, आता निवृत्त. माशांतलं कळत नाही, पण हा प्रश्न मला जवळचा वाटतोय म्हणून लिहितो.

१३१ मासे दहा महिन्यांत, म्हणजे एका वेळी तेरा. एकच जात, एकाच आकाराची असती तर तेरा पुरले असते. इथे तीन जाती, आणि प्रत्येकीत लहान-मोठे. सरासरी किती हलते हे बघायचं असेल तर एक सोपा उपाय आहे. एकेका माशाचं वजन वेगळं लिहा, टोपलीचं एकत्र वजन करून संख्येने भागू नका. एकत्र वजनात सरासरी मिळते पण पसरण हरवते. पसरणच सांगते की सरासरीवर किती विश्वास ठेवायचा.

दुसरं, वजनाबरोबर लांबीही घ्या. मासा लांबीत, रुंदीत आणि जाडीत एकदमच वाढतो, म्हणून वजन साधारण लांबीच्या घनाप्रमाणे जातं. लांबी दीडपट झाली तर वजन सव्वातीनपटीच्या वर. २० सेंटीमीटरचा ९६ ग्रॅमचा मासा त्याच ठेवणीने ३० सेंटीमीटर झाला तर ३२४ ग्रॅमचा होतो. यातून एक उपयोगी आकडा निघतो. वजन ग्रॅममध्ये घ्या, लांबीच्या घनाने भागा, १०० ने गुणा. वरच्या दोन्ही माशांचा तो १.२ येतो. तोच ३० सेंटीमीटरचा मासा २४३ ग्रॅम भरला तर ०.९ येईल. म्हणजे लांबी वाढली पण अंग भरलं नाही, मासा उपाशी किंवा आजारी आहे. दोन जातींची तुलना यावरून करू नका, कारण प्रत्येक जातीची ठेवण वेगळी. रोहूची रोहूशी, या महिन्याची मागच्या महिन्याशी करा.

---

मत्स्यशाळा | ५ जून, रात्री ९:३०

सर, फार छान मांडलंत. आमच्याकडे त्याला स्थितिगुणांक म्हणतात. एक भर घालतो, लांबी कोणती घ्यायची ते ठरवून तीच कायम घ्या. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंतची एकूण लांबी, किंवा शेपटीच्या मुळापर्यंतची प्रमाण लांबी. शेपटी फाटलेला मासा असेल तर प्रमाण लांबी बरी. दोन्ही मिसळल्या की घनाच्या हिशोबात फार मोठा फरक पडतो.

वाढीचा वेगही दोन तऱ्हांनी लिहितात. रोजची ग्रॅममधली वाढ, तुमच्या तळ्यात १५ वरून ५५० ग्रॅम साधारण ३०० दिवसांत, म्हणजे रोज पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. पण ही सरासरी फसवी आहे. पहिल्या महिन्यात मासा रोज अर्धा ग्रॅमही वाढत नाही आणि शेवटी तीन-चार ग्रॅम वाढतो. म्हणून शास्त्रात वजनांचे नैसर्गिक लॉगरिदम घेऊन टक्क्यांत वेग काढतात. तुमचा तो रोज १.२ टक्के येतो. लहानपणी टक्का जास्त आणि मोठेपणी कमी, हे नैसर्गिक आहे. दोन वर्षांची तुलना करताना वयाच्या त्याच टप्प्याची करा.

---

बदलापूर_टाकी | ६ जून, सकाळी ११:००

माझ्याकडे बायोफ्लॉकच्या (पाण्यात जिवाणूंचे पुंजके वाढवून मासे पाळायच्या पद्धतीच्या) चार टाक्या आहेत, प्रत्येकी १०,००० लिटर, तिलापिया. मी दर दहा दिवसांनी वजन घेतो. मला हा त्रास नाही कारण टाकीत मेलेला मासा वर दिसतो, मी मोजून काढतो. तळ्यात मेलेला मासा तळाशी जातो, किंवा बगळा नेतो. ताई, पाणकावळे येतात का तुमच्याकडे?

---

तळपाणी | ६ जून, दुपारी २:३०

नोव्हेंबरपासून रोज सकाळी दहा-बारा. पंख पसरून बांधावर बसतात.

---

शिळफाटा | ६ जून, दुपारी ३:१५

दहा-बारा पाणकावळे असतील तर दोनशे-तीनशे मासे गेलेच समजा. वर जाळी ताणा.

---

मत्स्यशाळा | ६ जून, संध्याकाळी ६:४०

जाळी ताणाच, पण आकडा असा ठोकून देऊ नका. ७८६ मासे कमी आहेत, ते कशाने गेले हे आता कळणार नाही. शक्यता चार: बी कमी आलं, आल्यावर पहिल्या आठवड्यात मेलं, पावसाळ्यात सांडव्यातून गेलं, किंवा पक्ष्यांनी नेलं. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी जुलैत मोजता येतात. सांडव्याला जाळी होती का?

---

तळपाणी | ६ जून, रात्री ९:००

होती, पण ऑगस्टच्या मोठ्या पावसात पाण्याच्या जोराने ती एका बाजूने सुटली होती. दुसऱ्या दिवशी लावली.

बी मोजलं नव्हतं. प्राणवायू भरलेल्या पिशव्या आल्या, पुरवठादाराने सांगितलं एका पिशवीत इतके, वर दहा टक्के जास्तीचे टाकलेत. आम्ही पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगवल्या, तोंड उघडलं आणि सोडलं.

---

खाडीकाका | ६ जून, रात्री ९:४५

यंदा मोजा. एकेक मोजा. मी वाटीने मोजतात ते बघितलंय, एका वाटीतले मोजायचे आणि किती वाट्या ते गुणायचं. ती वाटी किती भरायची हे भरणाऱ्याच्या हातात.

मी उरणकडे भावकीच्या खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत) जिताडा करतो. जिताड्यात मोजलं नाही तर आठ दिवसांत तळं रिकामं. मोठा जिताडा लहान जिताड्याला खातो. आपल्या लांबीच्या दोन तृतीयांश लांबीचा भाऊ तो गिळू शकतो, आणि एक वीतभर होईपर्यंत ही खोड फार. म्हणून दर आठवड्याला चाळून वेगळे करावे लागतात, लहान एकीकडे, मोठे एकीकडे. तिथे नुसती सरासरी बघणारा माणूस फसतो. सरासरी वाढत जाते आणि तो खूश होतो. ती वाढते कारण लहान संपले. एकूण किलो तेवढेच, किंवा कमी.

---

मास्तर_नौपाडा | ६ जून, रात्री १०:३०

काका, तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. सरासरी वाढली आणि एकूण घटलं, याहून चांगलं उदाहरण मला वर्गात कधी मिळालं नव्हतं.

---

घणसोलीकर | ७ जून, सकाळी १०:२०

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आमचं काम नॉर्वेच्या सामन (सॅल्मन) माशांच्या पिंजऱ्यांसाठी चालतं. तिथे एका पिंजऱ्यात जास्तीत जास्त दोन लाख मासे आणि एका घनमीटर पाण्यात २५ किलोपर्यंतच मासा, असा कायदा आहे. परवानाही किलोंचा असतो, साधारण एका परवान्याला ७८० टन. त्यामुळे पिंजऱ्यात किती किलो आहे हे मोजणं त्यांच्यासाठी सक्तीचं आहे. पाण्यात दोन कॅमेरे शेजारी शेजारी लावतात, आपल्या दोन डोळ्यांसारखे. त्यांवरून माशाची लांबी आणि उंची निघते आणि तिच्यावरून वजन. मासा हातात न घेता रोज हजारो मापं.

ताईंच्या तळ्यात हे चालणार नाही. तिथलं समुद्राचं पाणी स्वच्छ. आपलं तळं हिरवं असतं आणि ते तसंच असावं लागतं, कारण कटल्याचं खाद्य त्या हिरव्यात आहे. तळ्यात हात कोपरापर्यंत बुडवला की तळवा दिसत नाही, कॅमेऱ्याला काय दिसणार? पण संख्येची अडचण तिथेही आहेच. कॅमेरा वजन सांगतो, किती मासे उरले ते तिथेही सोडलेल्या आकड्यातून मेलेले वजा करूनच काढतात.

---

कोळंबीवाला | ७ जून, दुपारी ४:००

कोळंबीत आम्ही चेक ट्रे वापरतो. जाळीचा पसरट ट्रे, त्यात थोडं खाद्य ठेवून पाण्यात बुडवायचं, दोन तासांनी वर काढायचं. खाद्य उरलं तर पुढच्या वेळी कमी, संपलं तर जरा वाढवा. तळ्यात किती किलो आहे याचा आकडा चुकला तरी ट्रे खोटं बोलत नाही. विक्री मात्र काउंटवर, ३० काउंट म्हणजे किलोत तीस, एक कोळंबी ३३ ग्रॅमची. ताई, माशांनाही ट्रे ठेवून बघा, निदान वाया जाणं थांबेल.

---

मत्स्यशाळा | ७ जून, रात्री ८:२०

उत्तम सूचना. ताई, जुलैसाठी माझं सांगणं एवढंच. बी एकेक मोजून घ्या. त्यांतली पन्नास एका हाप्यात, म्हणजे बारीक जाळीच्या कापडी पिंजऱ्यात, तळ्यातच तीन दिवस ठेवा. त्यात किती मेली त्यावरून प्रवासाने किती गेली त्याचा अंदाज येतो. आणि डिसेंबरात ओढजाळ लावून खुणा करून पुन्हा पकडण्याची पद्धत करा. ती कशी हे तेव्हा सविस्तर लिहितो.

---

तळपाणी | ११ जुलै, रात्री ११:१५

धागा वर काढतेय. काल बी सोडलं.

१५०० मागवलं होतं, पुरवठादार म्हणाला वर दहा टक्के घालून १६५० दिलंय. या वेळी आम्ही पाच जण बसलो. पांढऱ्या पातेल्यात थोडं पाणी, एका हातात चहाची गाळणी, एका वेळी पाच बोटुकली दुसऱ्या पातेल्यात. माझा भाचा पंपघराच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढत होता, पाचाला एक रेघ. सकाळी साडेसहाला सुरुवात केली, ऊन चढायच्या आत साडेनऊला संपवलं. भिंतीवर २७७ रेघा आणि वर दोन. १३८७ जिवंत, ४६ मेलेली. रोहू ५५५, कटला ४१६, मृगळ ४१६.

पुरवठादाराला भिंतीचा फोटो पाठवला. उत्तर आलेलं नाही.

पन्नास हाप्यात ठेवलीत.

---

मत्स्यशाळा | १२ जुलै, सकाळी ६:५०

तारीख फार चांगली निवडलीत. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन. १९५७ मध्ये याच दिवशी ओडिशात हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी यांना भारतीय कार्प माशांना पीयूषिकेच्या (मेंदूखालच्या ग्रंथीच्या) अर्काचं इंजेक्शन देऊन प्रजनन घडवण्यात यश आलं. त्याआधी बी नदीतून गोळा करायचे, त्यात रोहू किती, कटला किती आणि नको ते मासे किती, कुणालाच माहीत नसायचं. आज जातवार आकडा भिंतीवर लिहिता येतो तो त्यांच्यामुळे.

---

शिळफाटा | १२ जुलै, सकाळी ९:३०

जयंती रोहू का नाही घेतला? लवकर वाढतो म्हणतात.

---

मत्स्यशाळा | १२ जुलै, सकाळी १०:०५

भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने नॉर्वेच्या मदतीने १९९२ पासून निवड पद्धतीने तो तयार केला, पिढीमागे सुमारे १७ टक्के जास्त वाढ. बी अस्सल मिळत असेल तर जरूर घ्यावा. पण तो खरंच लवकर वाढला की नाही हे तुमच्या तळ्यात कसं कळणार? मोजूनच.

---

तळपाणी | १४ जुलै, रात्री ८:००

हाप्यात पन्नासांतली ४ मेली. म्हणजे ८ टक्के. १३८७ पैकी साधारण १२७६ उरली असतील. मागच्या वर्षी हे माहीत असतं तर.

---

तळपाणी | १४ डिसेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांना नमस्कार. मत्स्यशाळा यांनी फोनवर समजावलं त्याप्रमाणे केलं. सविस्तर लिहिते, कुणाला उपयोग होईल.

आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवलं. पोटात खाद्य असलं की वजन वाढतं आणि मासा हाताळताना लवकर दमतो. ३ डिसेंबरला पहाटे सहाला ओढजाळ लावलं, तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. खाडीकाका स्वतः दिवाळ्याहून आले होते, सोबत दोन पुतणे. काका स्वतः जाळ्याच्या खालच्या दोरीवर चालत होते, पायाने ती चिखलात दाबत, म्हणजे मृगळ खालून निसटू नये. पाणी इतकं गार होतं की पुतण्यांचे दात वाजत होते, काका मात्र एक शब्द न बोलता टोकापर्यंत गेले. दोनदा ओढून २४० मासे धरले. प्रत्येकाच्या डाव्या बाजूच्या पोटाजवळच्या पराचं टोक छोट्या कात्रीने कापलं. तो पर पुन्हा वाढतो. मग पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात बुडवून लगेच तळ्यात सोडले.

दहा दिवस थांबलो, म्हणजे खूण केलेले बाकीच्यांत मिसळतील. काल पुन्हा त्याच पद्धतीने ओढलं. २६० मासे आले, त्यांतल्या ५२ जणांचा पर कापलेला होता.

२६० मध्ये ५२, म्हणजे पाचातला एक खुणेचा. आपण २४० ना खूण केली होती. म्हणजे तळ्यात साधारण २४० च्या पाचपट, १२०० मासे. मला आकडा समोर आला तेव्हा विश्वासच बसेना, हाप्यावरून काढलेल्या १२७६ च्या इतका जवळ.

वजनं या वेळी एकेकाची घेतली. पाणी भरलेली बादली काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि मग मासा बादलीत. मागच्या वर्षी मी ओल्या जाळीच्या पिशवीतच वजन करायचे, पिशवीचं पाणी माशांच्या खात्यात जायचं. कटला सरासरी ३०० ग्रॅम, रोहू २२०, मृगळ १९४. एकूण सरासरी २४० ग्रॅम.

आणि मुद्दाम, जाळं ओढायच्या आदल्या दिवशी घाटाच्या पायरीवरून जुन्या पद्धतीने पाग टाकला होता. २२ मासे, सरासरी ३०० ग्रॅम. मृगळ एकही नाही.

जुन्या पद्धतीने मी धरलं असतं १५०० चे ९० टक्के, १३५० मासे, ३०० ग्रॅमचे, ४०५ किलो. अडीच टक्क्याने रोज १० किलोंवर खाद्य. आता २८८ किलो धरते, रोज ७ किलो. दिवसाला तीन किलो खाद्य वाचतं, सव्वाशे रुपये. चेक ट्रेही चालू आहे, त्यात फारसं उरत नाही.

---

मास्तर_नौपाडा | १५ डिसेंबर, सकाळी ७:००

तुमची मेहनत वाचून फार समाधान वाटलं. आता त्या १२०० भोवतीची धूसरता सांगतो, कारण ती न सांगणं बरं नव्हे. लहान नमुन्यासाठी सूत्रात थोडी दुरुस्ती करतात, तिने आकडा ११८६ येतो. आणि ५२ खुणा परत मिळाल्या तर खरा आकडा साधारण ९४० ते १४४० च्या दरम्यान असायची दाट शक्यता. वरचं टोक तुम्ही आपोआप कापू शकता, कारण १३८७ पेक्षा जास्त तर सोडलेच नाहीत. तो भिंतीवरचा आकडा इथे कामाला आला.

जातवार बघितलंत का?

---

तळपाणी | १५ डिसेंबर, सकाळी ८:४०

बघितलं सर. खूण केलेले कटला ८०, रोहू ११२, मृगळ ४८. दुसऱ्यांदा आलेले कटला ८४ त्यांत खुणेचे १८, रोहू ११८ त्यांत २५, मृगळ ५८ त्यांत ९. हिशोबाने कटला ३७३, रोहू ५२९, मृगळ ३०९.

---

मास्तर_नौपाडा | १५ डिसेंबर, सकाळी ९:२०

कटला आणि रोहू सोडलेल्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि त्यावर. मृगळ चारशे सोळा सोडलेत, तीनशे नऊ दिसतात. पण नऊच खुणांवर उभा असलेला आकडा फार हलतो. खरंच कमी झालेत, की नऊच्या जागी सात खुणेचे आले असते तर चित्र वेगळं दिसलं असतं, हे एका फेरीत कळणार नाही.

---

खाडीकाका | १५ डिसेंबर, दुपारी १२:५०

मृगळ आहेत. दोन्ही वेळा घाटासमोरच्या खोलगट जागी माझ्या पायाखालून गेलेले मला कळले. तिथे चिखल गुडघाभर आहे, दोरी वर उचलली जाते. पुढच्या वेळी त्या भागाला खालच्या दोरीला जास्तीचं शिसं बांधू. माझ्याकडे जुन्या जाळ्याच्या मण्या पडून आहेत.

---

तळपाणी | १५ डिसेंबर, दुपारी १:१५

काका, संक्रांतीनंतरच्या रविवारी, १८ जानेवारीला पहाटे करायचं का? या वेळी उजव्या पराला खूण करते, म्हणजे जुने आणि नवे वेगळे ओळखू येतील.

---

खाडीकाका | १५ डिसेंबर, दुपारी १:४०

येतो. पावणेसहाला पडघ्याच्या नाक्यावर. पुतण्यांना जाड स्वेटर घालायला सांगतो.

---

मास्तर_नौपाडा | १५ डिसेंबर, दुपारी २:०५

मलाही यायचंय. पाण्यात उतरणार नाही, वही माझ्याकडे द्या.